लाल दोऱ्याची तार

इमारतीत त्यांना सगळे लिफ्टकाका म्हणायचे, आणि गंमत अशी की त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये चढायला कुणी राजी नसे. माणूस वाईट नव्हता. पण दार लागलं की काका मान तिरकी करून, डोळे मिटून छताकडे कान लावायचे, आणि दुसरा मजला गेला की नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"ने भलेभले पुढच्याच मजल्यावर उतरून जायचे. पाचव्या मजल्यावरच्या वकिलाने एकदा धीर करून विचारलं, "काका, काही होतंय का?" काका म्हणाले, "होईल तेव्हा कळेलच." वकील त्या दिवसापासून जिन्याने जाऊ लागला. त्याचं पोट चांगलं दोन इंच उतरलं. श्रेय मात्र त्याने व्यायामाला दिलं, काकांना नाही. वकीलच तो.

काकांनी चौतीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केल्या होत्या. त्या धंद्यात एकच मोठा नियम, बाकीचे सगळे त्याची पिलावळ. दार उघडं असेल तर गाडी हलता कामा नये. गाडी म्हणजे लिफ्ट. त्यांच्यातली माणसं तिला गाडीच म्हणतात. प्रत्येक दारात एक स्विच असतो. दार पुरतं लागून खट असा आवाज झाला की तो हो म्हणतो, तोवर नाही. पण बिघाड शोधताना कधीकधी मेकॅनिकला या स्विचचं तोंड घटकाभर बंद करावं लागतं. मग वीतभर तारेचा तुकडा घ्यायचा, दोन टोकांमध्ये अडकवायचा. दार सताड उघडं असलं तरी गाडीला वाटतं लागलेलं आहे. याला म्हणतात तार मारणं. काम झालं की तार काढायची आणि मगच निघायचं.

ती काढायला एकजण विसरला होता. काका तेव्हा तरुण होते आणि त्या दिवशी त्याच इमारतीत होते. पुढे काय झालं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर त्यांच्या पिशवीत मोजून तीनच तारा असत आणि प्रत्येकीला लाल दोरा गुंडाळलेला असे. निघताना मोजायच्या. एक, दोन, तीन. दोनच भरल्या तर पाय बाहेर पडायचा नाही, मग घरी जेवण गार होवो की बायको गरम. हाताखालच्या माणसांना ते सांगत, "दार उघडं असताना हलते ती लिफ्ट नव्हे रे, विहीर."

असा हा नियमाचा माणूस. आणि त्याच्याच स्वयंपाकघरात, ओट्यावर, डब्यांच्या रांगेशेजारी, दार अर्धवट असताना चालणारं एक यंत्र दीड वर्ष बसलेलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

त्याचं असं झालं. काकू पोस्टात होत्या. तीस वर्षं त्यांनी पाकिटांवर शिक्के मारले आणि निवृत्तीनंतर त्या शिक्क्यांनी सूड घेतला. बोटांचे सांधे गेले. आधी बाटलीची झाकणं उघडेनात, मग ब्लाउजची बटणं लागेनात. काकूंची चहाची तऱ्हा अशी की सकाळी एकदा कपभर करायचा आणि तोच दिवसभर पुरवायचा. दोन घोट प्यायच्या, कुठेतरी ठेवून विसरायच्या, सापडला की पुन्हा गरम करायच्या. परगावच्या मुलाने म्हणूनच मायक्रोवेव्ह पाठवला होता. पण त्याचं दार होतं कडक. खट होईपर्यंत दाबावं लागे. काकू तळव्याने दाबायच्या, कोपराने दाबायच्या, शेवटी पाठ टेकून ढकलायच्या. दार परत यायचं.

"चौतीस वर्षं जगाची दारं लावलीत," त्या बाहेरच्या खोलीकडे तोंड करून म्हणायच्या, "माझं एक लागेना होय तुमच्याकडून?"

"दुसरा घेऊ."

"कशाला? चांगलं चालतंय की. दारच तेवढं माजलंय. तुमच्या घराण्यातलं असणार."

एका दुपारी काकू झोपलेल्या असताना काकांनी यंत्राचा प्लग काढला, मागचं कवच उतरवलं आणि आत डोकावून पाहिलं. या दारालाही स्विच होते. एक नव्हे, तीन. दोघे दार लागल्याची खात्री करणारे, आणि तिसरा त्या दोघांवर पाळत ठेवणारा. पहिल्या दोघांनी दगा दिला तर फ्यूज उडवून मोकळा होणारा. काकांना त्या बनवणाऱ्याचं कौतुक वाटलं. आपल्यासारखाच कुणीतरी भित्रा माणूस, त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी तिसऱ्याला सुट्टी दिली आणि पहिल्या दोघांना तार मारली. पिशवीत दुसरी नव्हती म्हणून लाल दोऱ्याचीच. दोन दिवसांत नवीन दार मागवू, मग काढू. दोनच दिवस.

संध्याकाळी काकूंनी दार नुसतं टेकवलं. आत दिवा लागला, काचेची ताटली फिरू लागली. काकू काही क्षण बघत राहिल्या.

"बघा," त्या म्हणाल्या, "मनावर घेतलं की जमतं तुम्हाला."

संसाराच्या सदतीस वर्षांतलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक. ते हातात पडल्यावर कोण नवीन दार मागवतो?

काकांना भीती नव्हती असं नाही. दार पुरतं लागलं नाही तर अन्न तापवणाऱ्या लहरी बाहेर फुटून माणसालाच भाजतात, हे त्यांना ठाऊक होतं. काकूंनी कप आत ठेवला की ते कुठूनही धावत यायचे आणि टिंग होईपर्यंत दार तळव्याने घट्ट दाबून उभे राहायचे. काकू म्हणायच्या, "आता का ओट्याला चिकटताय? तरुणपणी कधी फिरकला नाहीत इकडे." काका तळवा आणखी घट्ट दाबायचे. ते आठ महिने दिवसातून पाच-सहा वेळा नवराबायको असे शेजारी शेजारी उभे असत, दीड मिनिट, काही न बोलता किंवा भांडत. नवव्या महिन्यात काकू गेल्या. सांध्यांनी नव्हे, हृदयाने. झोपेतच.

मायक्रोवेव्हकडे पुढे बरेच दिवस कुणी बघितलंही नाही.

मग एका दुपारी काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. स्वयंपाकघरातून घूं असा आवाज आला. पेपरावरची नजर न काढता काका म्हणाले, "माझाही गरम कर."

आणि मग त्यांना आठवलं.

ते उठून आत गेले. मायक्रोवेव्हमध्ये दिवा लागला होता, रिकामी ताटली आपोआप फिरत होती. दाराची बिजागरी सैल होऊन दार बोटभर खाली आलं होतं, आतलं काहीतरी सरकलं होतं. काकांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. ओट्याला धरून थोडा वेळ उभे राहिले. यंत्राचं काय झालंय हे त्यांना तिथल्या तिथे कळलं होतं. पिशवी दाराआड खिळ्याला टांगलेली होती. पेचकस त्यातच होता. दहा पावलं.

त्यांनी बटण पुन्हा चालू केलं आणि बाहेर येऊन पेपर उघडला.

तेव्हापासून हे सुरू झालं. दिवसातून एकदोनदा, वेळीअवेळी, यंत्र घूं करायचं. कधी नुसताच दिवा आणि पंखा, कधी खरंच तापायचं. रिकामं तापलं तर जळेल हे काकांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आत काकूंचा कप पाणी भरून ठेवला. आवाज आला की बाहेरून विचारायचं, "झालं का?" थांबायचं. मग जाऊन बटण बंद करायचं, पाणी तापलं असेल तर पिऊन टाकायचं, कप भरून पुन्हा ठेवायचा. दार त्यांनी एका दोरीने डब्याच्या कडीला बांधून घेतलं होतं. चौतीस वर्षांचा मेकॅनिक आणि दोरी! इमारतीत बातमी पसरली की लिफ्टकाकांनी गरम पाण्याचं पथ्य धरलंय, म्हणूनच चेहऱ्यावर तेज आहे. दोन बायकांनी तर नवऱ्यांना आठवडाभर गरम पाणी पाजलं.

रविवारी मुलाचा फोन यायचा. "बाबा, मायक्रोवेव्ह जुना झालाय. नवीन पाठवू?"

"चालतोय की."

"एकटे असता. काही बिघडलं, शॉक लागला तर?"

"मला शिकवू नकोस रे," काका म्हणायचे. शिकवणाऱ्याचं बरोबर होतं, तेच तर दुखायचं.

आता समोरच्या वहिनी. यांचा आवाज असा की त्यांनी कानात सांगितलेलं गुपितही तळमजल्यावर पोहोचतं, आणि लिफ्टच्या आधी. वहिनींच्या स्वयंपाकघरात फरशा बदलण्याचं काम निघालं, आणि नेमकी तेव्हाच त्यांची मुलगी दोन महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी आली. घरभर धूळ. वहिनींनी बेल वाजवली.

"काका, आमच्या घरात खाणकाम सुरू आहे. मिस्त्री म्हणतो आठ दिवस, म्हणजे पंधरा धरा. मुलीचं सूप तेवढं चारच्या सुमाराला तुमच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करू का? नाही म्हणायचं असेल तर स्पष्ट म्हणा, मी मनाला लावून घेईन."

"या की," काका म्हणाले. अकरा महिन्यांत त्या घराचा उंबरा ओलांडून काही मागायला कुणी आलं नव्हतं. हो तोंडातून गेलं आणि मग त्यांना यंत्र आठवलं.

तसं सांगून टाकायचं होतं. बिघडलाय, गॅसवर करून देतो. एवढंच. पण मग तार आली, दोरी आली, कपातलं पाणी आलं. विचारणाऱ्या वहिनी! आणि काय सांगणार? की घरात कुणीतरी आहे असं वाटतं म्हणून ठेवलाय?

पहिल्या दिवशी चारला दोघी बाळासह आल्या. काकांनी वाडगा हातातून काढून घेतला. "तुम्ही बाहेर बसा. मी आणतो." ते आत गेले, दोरी सोडली, वाडगा ठेवला, दार तळव्याने दाबून धरलं आणि दीड मिनिट उभे राहिले. बाहेरून आवाज येत होते. वहिनी मिस्त्रीला शिव्या घालत होत्या, मुलगी हसत होती, बाळ उचकी देत होतं. काकांना टिंग लवकर झालं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन वाजताच खुर्च्या पुसल्या. तिसऱ्या दिवशी बाळाला त्यांनी मांडीवर घेतलं.

"काका, जपून. ओलं करेल."

"करू दे. लिफ्टच्या खड्ड्यात याहून ओलं असतं."

वहिनी निघताना म्हणाल्या, "काकूंच्या मागे घर नीट ठेवलंय हो. मला वाटलं होतं जाळी-जळमटं असतील." वहिनींच्या तोंडी ही स्तुती समजायची असते.

बाळ गेल्यावर काका मांडीवरच्या ओल्या डागाकडे बघत बसले. गॅसवर सूप गरम करून देता आलं असतं. पण गॅसवर दिलं तर उद्या त्याच विचारतील, मायक्रोवेव्हला काय झालं. आणि नाही दिलं तर चार वाजता कोण येणार? आणखी चारपाच दिवसांचा प्रश्न आहे, काका स्वतःला म्हणाले. फरशा होईपर्यंत. मग काढू.

पूर्वीही ते असंच म्हणाले होते. दोनच दिवस.

चौथ्या दिवशी साखर संपली. चहा द्यावा असं काकांच्या मनात होतं. चारला दहा मिनिटं होती. लगेच येऊ म्हणून ते खाली गेले, आणि आपण नसताना त्या येऊन परत जायला नकोत म्हणून घराचं दार बोटभर उघडं ठेवून गेले.

येताना लिफ्टमध्ये त्यांनी मान तिरकी केली नाही. साखरेची पुडी छातीशी धरून ते आकडे बघत होते. दोन. तीन. चार. दार उघडलं आणि त्यांच्याच घरातून वहिनींचा आवाज आला, "अगं, तू लाव तोवर, काकांना काय माहीत नाही का आपण येतो ते!"

आणि मग घूं.

काका धावले. साखरेची पुडी दारातच फुटली. स्वयंपाकघरात मुलगी मायक्रोवेव्हसमोर उभी होती, दोरी सोडून बाजूला ठेवलेली. वाडग्याखालच्या फडक्याचं टोक दारात अडकून दार बोटभर उघडं राहिलं होतं. त्या फटीतून पिवळा उजेड येत होता, आत ताटली फिरत होती. आणि खांद्यावरचं बाळ मान वळवून, तोंड उघडं टाकून त्या उजेडाकडे वाकलेलं होतं.

"गाडी बंद!"

असं ओरडायची धंद्यातली रीत होती. निवृत्तीनंतर हा आवाज त्यांनी कधी काढला नव्हता. बाळ दचकून रडायला लागलं, मुलगी मागे सरली, काकांनी प्लग खेचला तो भिंतीवरच्या खोक्यासकट हातात आला.

बाहेरून वहिनी आल्या. "अहो, काय झालं काय? वाडगाभर सूप गरम केलं तर एवढं ओरडायचं? पोर केवढं घाबरलं!"

काकांनी आधी वाडग्यात बोट बुडवलं. सूप थंडगार होतं. नुसताच दिवा आणि पंखा लागला होता. आज तापायची पाळी नव्हती. त्यांनी बोट तसंच थोडा वेळ आत ठेवलं, मग ओट्यावर दोन्ही हात टेकले.

"दार उघडं होतं," ते म्हणाले.

"मग? लावायचं! बिघडला असेल तर दुरुस्तीला द्यायचा."

"बिघडलेला नाही वहिनी. मी बिघडवलाय. दार लागलं नाही तरी चालावा, असं मीच करून ठेवलंय."

मुलीने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि दोन पावलं मागे गेली. त्या दोन पावलांचा आवाज काकांना नीट ऐकू आला.

"म्हणजे," वहिनी म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला, "तीन दिवस आम्ही येतोय ते..."

"तीन दिवस मी पुढे उभा होतो. दार धरून."

"आणि आज?"

काकांनी बाजूला पडलेली दोरी उचलून मुठीत गुंडाळली.

"तुम्हीच सगळ्यांना सांगता ना हो," वहिनी म्हणाल्या, "लिफ्टचं दार नीट लावा, नीट लावा म्हणून? माझ्या नातवाला काही झालं असतं तर?"

"डॉक्टरांना दाखवा. मी येतो बरोबर. सगळं सांगतो त्यांना."

"काही गरज नाही," मुलगी म्हणाली. तिने वाडगा उचलला नाही. दोघी गेल्या. दारातल्या साखरेवरून जाताना पायांखाली करकर झाली.

डॉक्टरांनी बाळ ठणठणीत असल्याचं सांगितलं, हे काकांना जिन्यातून कळलं, सगळ्या इमारतीबरोबर. वहिनींनी गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. दुसऱ्या दिवसापर्यंत मायक्रोवेव्हमधून जाळ निघाला होता, तिसऱ्या दिवसापर्यंत काकांनी बाळाला त्यातून ओढून बाहेर काढलं होतं. काकांनी एकाही गोष्टीचा इन्कार केला नाही. घडलेलं त्यांना पुरेसं होतं.

यंत्राला त्यांनी एक अख्खा दिवस हात लावला नाही. प्लग काढला तरी आतला कपॅसिटर वीज पोटात धरून बसतो आणि चुकून बोट लागलं तर तिथल्या तिथे आडवं करतो, म्हणून जाणता माणूसही तिथे घाई करत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रबरी मुठीच्या पेचकसाने ती उरलीसुरली वीज उतरवली आणि मग कवच काढलं. तार होती तिथेच होती. लाल दोरा उष्णतेने तपकिरी झाला होता आणि हात लावताच त्याचा चुरा झाला. काकांनी तार काढली. पाळत ठेवणाऱ्या तिसऱ्या स्विचला कामावर परत घेतलं. दार लावलं, हाताने, मग कोपराने, शेवटी पाठ टेकून. वाकलेल्या बिजागरीवर ते लागेना. उखडलेलं खोकं पुन्हा भिंतीला बसवून प्लग लावला, बटण दाबलं. दिवा नाही, पंखा नाही. यंत्र नाही म्हणालं.

"शाबास," काका म्हणाले.

मग त्यांनी प्लग काढला आणि पक्कडीने वायर मुळाशी कापली, कुणी भंगारातून उचलून पुन्हा चालू करायला नको म्हणून. कप बाहेर काढून, विसळून, फळीवर पालथा ठेवला. पिशवी खिळ्यावरून उतरवली आणि ओट्यावर तारा मांडल्या. एक, दोन, तीन. दोघी लाल, तिसरी उघडीबोडकी. हिशेब भरला. आता घरी जायला हरकत नव्हती, पण ते घरीच होते.

भंगारवाला आला तेव्हा म्हणाला, "काका, दिसतोय तर चांगला. वायर कशाला कापलीत?"

"सवय लागली होती," काका म्हणाले. भंगारवाल्याला काही कळलं नाही, पण ओझं उचलायच्या वेळी कोण चौकशी करतो?

रविवारी मुलाने विचारलं, नवीन पाठवू का. काका म्हणाले, "नको. गॅसवर करतो. उतू जाईपर्यंत समोर उभं राहावं लागतं, तेवढाच वेळ जातो."

वाडगा त्यांनी घासून, फडकं धुऊन घडी करून, समोरच्या दारात नेऊन ठेवला. बेल वाजवली नाही. संध्याकाळपर्यंत वाडगा उचलला गेला होता.

समोर फरशांचं काम अजून चालूच आहे. मिस्त्रीचे आठ दिवस पंधरावरही थांबले नाहीत. चार वाजले की काका उठतात, घराचं दार बोटभर उघडून ठेवतात आणि खुर्चीत येऊन बसतात. दोघी आता सूप खालच्या मजल्यावर कुणाकडे तरी गरम करून आणतात. लिफ्ट वर येते. काका मान तिरकी करतात. दोन, तीन, चार. गाडी थांबते, दार उघडतं, चपलांचा आवाज येतो, बाळ कुरकुरतं. पावलं क्षणभर रेंगाळल्यासारखी वाटतात. मग समोरचं कुलूप उघडतं आणि दार लागतं, पुरतं, खट.

काका थोडा वेळ तसेच बसतात. त्यांचं दार उघडंच असतं, आणि घरात काही हलत नाही.